गोळी का थांबली : उत्तर नागपुरातलं मधुमेहाचं एक प्रकरण

मधुमेहावरच्या सरकारी कार्यक्रमाचा हिशेब बहुतेक वेळा 'किती जणांची तपासणी झाली' या आकड्यापाशी येऊन थांबतो. या प्रकरणात तपासणी वेळेवर झाली, निदान बरोबर झालं, औषध फुकट मिळालं. तरीही दीड वर्षाने रुग्णाच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. मधल्या दीड वर्षात काय घडलं, ते सविस्तर मांडणं मला आवश्यक वाटतं.

कुणाची ओळख पटू नये आणि एखाद्या घराकडे वा दवाखान्याकडे बोट जाऊ नये म्हणून हे प्रकरण उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या प्रसंगांतून बांधलं आहे. रक्तातल्या साखरेचे आकडेही तशाच रुग्णांचे असतात तसे घेतले आहेत. रुग्णाला इथे नुसतं 'ताई' म्हटलं आहे.

ताईंचं वय 46. घर कामठी रोडच्या आतल्या वस्तीत. नवरा कळमना बाजारात हमाली करतो. ताई लग्नकार्यात लांब पोळ्या करायला जातात. नागपूरकराला हे काम सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: चुलीवर मडकं पालथं घालायचं, सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि ती तापलेल्या मडक्यावर पसरायची. सहा-सात तास चुलीपुढे उभं राहायचं, पायात असली तर झिजकी चप्पल. जेवण सगळ्या पंगती उठल्यावर, म्हणजे रात्री बारा-एकला. दिवसभर चहा आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. ताईंच्या आईलाही 'शुगर' होती.

दिवाळी 2022 नंतर आशाताई घरी आल्या आणि त्यांनी सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका गुणांनी मोजणारा, अर्ज भरला. 30 वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा हा अर्ज भरायचा असतो. आशाताईंनी ताईंचे गुण असे मांडले: वयाचे 2, रोजच्या खर्ऱ्याचे 2, कंबर 92 सेंटिमीटर म्हणून 2 आणि आईला मधुमेह होता म्हणून 2. एकूण 8. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं, असा नियम आहे. त्याच अर्जाच्या पुढच्या भागात तळव्यांना मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, असं विचारतात. तो प्रश्न मुख्यतः कुष्ठरोग शोधण्यासाठी आहे आणि विदर्भात त्याची गरजही आहे. ताईंनी 'हो' सांगितलं. अंगावर चट्टा नव्हता, कुष्ठरोग नव्हता, त्यामुळे तो 'हो' तिथेच निकालात निघाला. पायाची संवेदना तेव्हाच कमी होऊ लागली होती, हा त्याचा दुसरा अर्थ कुणी लावला नाही. मला या प्रकरणातली ही पहिली निसटलेली जागा वाटते.

पुढचं सगळं पुस्तकात असावं तसं झालं. शहरी आरोग्य केंद्रात सिस्टरने बोटातून रक्त घेतलं, साखर 226. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी 148, जेवणानंतर दोन तासांनी 238. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, किंवा दोन तासांनी 200 किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. शंका घ्यायला जागा नव्हती. मेटफॉर्मिन 500 ची गोळी दिवसातून दोनदा, महिन्याभराची, विनामूल्य. केस पेपर झाला, एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या, सरकारी पोर्टलवर नोंद झाली.

या साखळीमागे बरीच वर्षं आहेत. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये देशातल्या 100 जिल्ह्यांत सुरू झाला. 2013 मध्ये शहरी आरोग्य अभियान आलं आणि साधारण 50 हजार लोकसंख्येमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असं ठरलं. 2017 पासून 30 वर्षांवरच्या सगळ्यांची घरोघर नोंद घेऊन तपासणी करण्याचं धोरण आलं. 2018 पासून आरोग्यवर्धिनी केंद्रं उभी राहिली, त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. 2023 मध्ये केंद्र सरकारने 2025 पर्यंत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांवर आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. त्याच वर्षी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले: भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही, आणखी 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एवढ्या पसाऱ्यात ताईंसारखी बाई पहिल्याच फेरीत सापडली, हे श्रेय व्यवस्थेचं आहे आणि ते मोकळेपणी दिलं पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी तिला स्वतःचा आजार जखम चिघळल्यावरच कळला असता.

गोळी कशी सुटली

डिसेंबर आणि जानेवारीत ताई गोळ्या घ्यायला आल्या. फेब्रुवारीपासून लग्नसराई. रात्री दोनला घरी पोहोचलेली बाई सकाळी नऊला ओपीडीच्या रांगेत कशी उभी राहणार? एक दिवस बुडाला की ठेकेदार दुसऱ्या बाईला बोलावतो, आणि पुढच्या कामालाही तीच दुसरी बाई जाते. ताई मग शेजारणीच्या गोळ्यांतून चार-आठ घेऊ लागल्या, कधी मेडिकलमधून अर्धी पट्टी आणू लागल्या. औषध चालू होतं, पण तुटक.

जून 2023 मध्ये वस्तीत मोफत तपासणी शिबिर झालं. आयोजकांचा हेतू चांगला होता, आणि त्यांनी महागडी समजली जाणारी, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए1सी चाचणीही केली. ताईंचा आकडा आला 6.3. निदानाची रेषा 6.5 ची. 'तुमची शुगर काठावर आहे, गोळीची गरज नाही' असं त्यांना सांगण्यात आलं. घरी येऊन ताईंनी उरलेल्या गोळ्या शेजारणीला परत दिल्या. पुढे केव्हातरी आशाताईंशी बोलताना त्या म्हणाल्या, "मोठ्या तपासणीत काही नाही निघालं न ताई, मंग मी कायले गोळ्या खाऊन राहिली होती?"

त्या 6.3 चा अर्थ लावताना दोन गोष्टी सुटल्या. पहिली कुणाच्याही लक्षात यायला हवी होती: ताई अधूनमधून का होईना, गोळी घेत होत्या. औषध घेणाऱ्या माणसाचा आकडा 6.3 आला तर औषध काम करतंय असं समजायचं. आजार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली आहे. ताई सिकलसेलच्या, तांबड्या पेशींच्या एका आनुवंशिक आजाराच्या, वाहक आहेत, म्हणजे 'एएस'. विदर्भात सिकलसेल नवा नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं त्याला 1958 साल होतं. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत दर काही घरांमागे कुणीतरी वाहक निघतो. एचबीए1सी ही चाचणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. पेशी साधारण तीन-चार महिने जगते, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. सिकलसेलच्या रुग्णात, म्हणजे 'एसएस'मध्ये, पेशी फार लवकर मोडतात, त्यामुळे ही चाचणी त्याच्यासाठी निरुपयोगी ठरते. वाहकात फरक लहान असतो, पण असतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासात रक्तातली साखर सारखी असूनही वाहकांचा एचबीए1सी सुमारे 0.3 ने कमी आढळला. शिवाय चाचणीच्या काही पद्धतींमध्ये हिमोग्लोबिन 'एस' मोजणीतच अडथळा आणतं. लोहाची कमतरता असेल तर आकडा उलट दिशेला, म्हणजे वर सरकू शकतो, आणि आपल्याकडच्या बायांमध्ये ती कमतरता किती आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे 6.5 च्या आसपास रेंगाळणाऱ्या एकट्या आकड्यावर या वस्तीत विसंबता येत नाही. इथे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, हीच साधी आणि स्वस्त जोडी भरवशाची. ती जोडी आरोग्य केंद्राने आधीच केली होती आणि तिचा निकाल स्पष्ट होता.

ताई वाहक आहेत हे सरकारला माहीत होतं, हे मला सर्वांत जास्त लागतं. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी तिची सिकलसेल तपासणी झाली, ती वाहक निघाली, म्हणून आईबापांची झाली. ताईंना कार्ड मिळालं. ते कार्ड घरातल्या ट्रंकेत होतं आणि मधुमेहाचा केस पेपर पिशवीत. एकाच इमारतीतून चालणारे दोन कार्यक्रम, दोन नोंदवह्या, दोन पोर्टल. एकातली माहिती दुसऱ्यात कधी गेलीच नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, पण त्याची तपासणी 40 वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी आहे. मधुमेहाची तपासणी तिशीनंतर. तिशी ते चाळिशीतल्या लोकांची दोन्ही तपासण्यांत गाठ पडते. चाळिशी ओलांडलेल्या ताईंसारख्यांची सिकलसेलची स्थिती कुणी मुद्दाम विचारल्याशिवाय केस पेपरवर येत नाही.

मे 2024

एका लग्नात चुलीतला निखारा चपलेवर पडून करंगळीला लागला. ताईंना कळलंच नाही. दोन दिवसांनी सूज दिसली, हळद लावली. आठवड्याने पाय काळा पडू लागला तेव्हा मुलाने मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. साखर 380. करंगळी काढावी लागली, पाय वाचला.

भरतीचा खर्च महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसला. ही योजना गरिबाच्या घराला बुडण्यापासून वाचवते. पण ती भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. महिन्याची मेटफॉर्मिनची गोळी तिच्या कक्षेत येत नाही. बोट कापण्याचा खर्च मिळण्याची खात्री आहे, पण बोट कापावं लागू नये म्हणून लागणारी गोळी रुग्णाला वेळ काढून, मजुरी बुडवून आणावी लागते. या दोन गोष्टींतलं अंतर ताईंच्या घराने दोन महिन्यांच्या बुडालेल्या कमाईने भरून काढलं.

घरी येताना इन्सुलिन सुरू होतं आणि घरात फ्रिज नव्हता. मे महिन्यातलं नागपूर, पारा 45 च्या पुढे, पत्र्याचं छप्पर. सुटीच्या कागदावर 'थंड जागी ठेवा' एवढंच होतं. आशाताईंनी मार्ग सांगितला: मोठ्या माठात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात झाकणाच्या डब्यात बाटली, आणि तो माठ चुलीपासून लांब सावलीत. बाष्पीभवनाने आतलं तापमान बरंच उतरतं. ही माहिती सुटीच्या कागदावर छापलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आहाराचंही तसंच. ताईंना मिळालेल्या छापील तक्त्यात ओट्स, कोशिंबीर आणि संध्याकाळी पाच वाजता मूठभर सुका मेवा होता. ज्या बाईचं दिवसातलं मुख्य जेवण रात्री एकला, लग्नातल्या भात-पोळी-बुंदीचं, तिला या तक्त्याने काहीच सांगितलं नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी नंतर बसून तिच्या दिवसाप्रमाणे आखणी केली: कामावर निघण्याआधी ज्वारीची भाकर आणि झुणका किंवा अंबाडीची भाजी पोटभर खायची, सोबत फुटाण्यांची पुडी न्यायची, रात्री बुंदी-भात टाळून वरण आणि भाजी घ्यायची, चहा बिनसाखरेचा. 'रोज चाला' हा सल्ला उन्हाळ्यात या वस्तीत सकाळी सातनंतर निरर्थक होतो, आणि ताई उभ्याने राबतातच. त्यांच्यासाठी चालण्यापेक्षा पायांची काळजी महत्त्वाची होती: बंद, रुंद तोंडाचे बूट, काम संपल्यावर आरशात तळवे पाहणं आणि खर्रा सोडणं. खर्रा अजून सुटलेला नाही. दिवसाला दोन पुड्यांवरून एकावर आला आहे.

काय बदललं

ताई भरती होत्या त्या काळात आरोग्य केंद्राच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'उपचाराखाली' असंच लिहिलेलं होतं. नोंद एकदा झाली की ती हलत नाही. शेवटची गोळी कधी नेली, हा रकाना कुणी पाहत नव्हतं. केंद्र सरकारच्या मूळ नियमांत आशाताईंना एक सीबॅक अर्ज भरण्याचे 10 रुपये मिळतात, आणि निदान झालेल्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा केल्याचे 50. अर्ज दहा मिनिटांत होतो. पाठपुरावा म्हणजे रात्री दोनला परतणाऱ्या बाईला दुपारी उठवून समजावणं, परत जाणं, परत समजावणं. काम कुठे जास्त होणार ते या दरातच ठरलेलं आहे. याचा दोष मी कोणत्याही आशाताईला देणार नाही.

नागपूरला लागून असलेल्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत उच्च रक्तदाबासाठी राष्ट्रीय नियंत्रण उपक्रम राबवला गेला. त्यात औषधांचा एकच ठरलेला क्रम, घराजवळच्या केंद्रात गोळ्या आणि न आलेल्या रुग्णांची वेगळी यादी, या तीन गोष्टींवर भर होता. ताईंच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यातली तिसरी गोष्ट मधुमेहासाठी उचलली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'न आलेले' अशी यादी निघते आणि प्रत्येक आशाताईकडे तिच्या भागातली नावं जातात. महिला आरोग्य समितीच्या बैठकीत नावं न घेता फक्त संख्या सांगितली जाते. बाया मग आपापसात विचारतात, 'तुह्या गोळ्या आणल्या का?' या प्रश्नाने जे साधतं ते फोनवरच्या संदेशाने साधत नाही.

वेळेचा प्रश्न संध्याकाळच्या दवाखान्याने थोडा सुटला. राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'चा एक दवाखाना वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तो उशिरापर्यंत उघडा असतो. ताई कामावर निघताना तिथून गोळ्या घेतात. मात्र तिथला केस पेपर वेगळा, आरोग्य केंद्राचा वेगळा, मोठ्या रुग्णालयाचा तिसरा. नागपुरात ही अडचण विशेष जाणवते, कारण मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरी केंद्रं महापालिकेकडे, आणि डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, पण मेडिकल-मेयो त्या विभागात येत नाहीत. कुठे पैसे लागतात, कुठे लागत नाहीत, कुठला कागद कुठे चालतो, हे रुग्णाला ठरवता येत नाही. आभा या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाने सगळ्या नोंदी जोडल्या जाव्यात अशी योजना आहे. तोवर आशाताईंनी ताईंना एक शंभर पानी वही दिली आहे, आणि प्रत्येक डॉक्टरने त्यातच लिहावं असं ताई हक्काने सांगतात. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे: 'सिकलसेल वाहक. एचबीए1सीवर विसंबू नये. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहावी. उजव्या पायाची करंगळी काढलेली, तळवे बधिर.'

हीच ओळ केंद्रातल्या सगळ्या मधुमेही केस पेपरांवर यावी म्हणून छोटा शिक्का करून घेतला आहे: सिकलसेल एए (दोष नाही), एएस, एसएस की माहीत नाही. शिक्क्याला खर्च जवळजवळ नाही. 'माहीत नाही' असेल त्यांची विद्राव्यता चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी, त्याच भेटीत होते. पायाची तपासणी स्पर्श कळतो का ते पाहणाऱ्या दहा ग्रॅमच्या तंतूने वर्षातून एकदा सगळ्यांची आणि चुलीवर, भट्टीवर काम करणाऱ्यांची तीन महिन्यांनी. सीबॅकमधल्या तळव्यांच्या प्रश्नाला 'हो' आलं आणि कुष्ठरोग नसला, तर त्या माणसाची साखर आणि पाय दोन्ही तपासायचे, असंही ठरलं आहे.

ताईंचं इन्सुलिन आता बंद आहे. गोळ्यांवर उपाशीपोटी साखर 118 ते 130 च्या दरम्यान राहते.

मुलीचं मात्र अजून अडलेलं आहे. ती 24 वर्षांची. गरोदरपणात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत तिची साखर 140 च्या वर गेली होती, बाळंतपणानंतर उतरली. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तेव्हा ती सासरी, काटोलकडे होती आणि ते राहून गेलं. गरोदरपणातला मधुमेह झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं होतं की उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये आहार-व्यायामातल्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटतं. म्हणजे प्रतिबंध करायचा तर नेमका या मुलीपासून सुरू करायला हवा. पण सीबॅक तिशीनंतर भरतात, आणि माता-बाल नोंदवहीतलं तिचं पान बाळाच्या लसीकरणाकडे वळलं. तीस पूर्ण व्हायला तिला सहा वर्षं आहेत.

आरोग्य केंद्राने झोनच्या बैठकीत लेखी मागणी दिली आहे: गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येक बाईचं नाव वयाची अट न लावता एनसीडीच्या यादीत घ्यावं, बाळाच्या लसीच्या दिवशीच आईची साखर तपासावी, आणि ती दुसऱ्या तालुक्यात गेली तर तिथल्या केंद्राला नाव कळवावं. तोवर ताईंच्या मुलीची तपासणी बाळाच्या पुढच्या लसीच्या दिवशी करायची, असं काटोलकडच्या आरोग्य सेविकेशी फोनवर ठरलं आहे.